शोकेस लग्नाची, गिऱ्हाईक कापडाचे

अमरावती असो की अकोला, जुन्या फोटो स्टुडिओचे पोट तीन कामांवर चालत असे. पासपोर्ट फोटो, लोकांनी आणलेले रोल धुऊन प्रिंट काढून देणे आणि लग्नाच्या ऑर्डरी. यांपैकी रोल संपला. ज्या कोडॅकच्या पिवळ्या पाट्या प्रत्येक चौकात दिसत, त्या कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. पासपोर्ट फोटोचे कामही आटले, कारण आधार केंद्रावर फोटो जागच्या जागी निघतो आणि बाकीच्या अर्जांना घरचा मोबाईल पुरतो. राहिले लग्न. तेथेही आज प्रत्येक मोहल्ल्यात कॅमेरा घेतलेली दोन-चार मुले उभी आहेत आणि भाव एकमेकांना पाडून ठरतो.

ही एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला आपल्याच शहरातील व्यापाऱ्याला आज जेवढे फोटो लागतात तेवढे पूर्वी कधी लागत नव्हते. अमरावतीच्या बिझीलँड, सिटीलँडमधील कापडाचा ठोक व्यापारी नवीन माल आला की डिझाईन आधी मोबाईलवर पाठवतो, गिऱ्हाईक नंतर येते. अकोल्याच्या दाल मिलवाल्याला पाकिटावर छापायला डाळीचा फोटो हवा आहे. परतवाड्याच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराला नागपूरच्या गिऱ्हाईकाला दिवाण दाखवायचा आहे. बी-बियाणे विकणाऱ्याला कपाशीचे बोंड हवे आहे. ही सगळी मंडळी आज काय करतात? दुकानातल्या पोऱ्याला मोबाईल देतात. ट्यूबलाईटखाली काढलेला तो फोटो पाहून मोरपिशी रंगाची साडी हिरवी समजून कोणी मागवतो आणि माल परत येतो.

मग हा व्यापारी शेजारच्या फोटोग्राफरकडे का जात नाही? समजा, गेला. फोटोग्राफर त्याच्यासमोर काय ठेवतो? लग्नाचा जाडजूड करिझ्मा अल्बम. स्टेजवरची नवरी, घोड्यावरचा नवरदेव, गुलाबाच्या पाकळ्या. व्यापारी दोन पाने उलटतो आणि म्हणतो, “भाई, काम छान आहे, पण मला कापडाचे दाखवा.” कापडाचे काहीच नसते. “काढून देतो ना सेठ, काय कठीण आहे!” असे तोंडी सांगितले जाते. तोंडी सांगण्यावर कापडाचा व्यापारी कापडसुद्धा घेत नाही, तो बोटाने चुरगळून पाहतो.

पोर्टफोलिओ म्हणजे नेमके काय

कामाच्या निवडक नमुन्यांच्या अल्बमला या धंद्यात पोर्टफोलिओ म्हणतात. शिंप्याने कापड ओळखावे तसा हा शब्द फोटोग्राफरने ओळखला पाहिजे. आतापर्यंत काढलेल्या सगळ्या फोटोंचा ढीग म्हणजे पोर्टफोलिओ नव्हे. समोरच्या गिऱ्हाईकाला जे काम द्यायचे आहे, तेच काम आपण आधी केले आहे याचा तो पुरावा असतो. म्हणून ज्याला लग्नाचीच कामे हवी आहेत त्याने लग्नाचा पोर्टफोलिओ करावा, त्यात वाईट काही नाही. पण ज्याला व्यापाऱ्याचे काम हवे आहे त्याची वही वेगळी हवी. दोन्ही एकाच अल्बममध्ये कोंबले की दोन्ही गिऱ्हाईके अर्धवट राहतात.

याची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. पहिले जुने आहे. लाला दीनदयाळ हे मेरठजवळच्या सरधन्याचे, रुरकीला शिकलेले आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे नोकरदार. १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन या अधिकाऱ्याबरोबर फिरून त्यांनी मध्य हिंदुस्थानातील इमारतींची छायाचित्रे काढली. एक प्रदेश, एक विषय. पुढे ते हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी छायाचित्रकार झाले, ‘मुसव्विर जंग’ हा किताब त्यांना तेथेच मिळाला आणि १८९६ मध्ये मुंबईत त्यांचा स्टुडिओ उघडला. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हवर क्रमांक घातलेले असत. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २८५७ काचा विकत घेतल्या. शंभर वर्षांनंतरही काम शोधता आले, कारण ते नीट लावून ठेवले होते. आपल्याकडे मागच्या वर्षीच्या वलीम्याचे फोटो कोणत्या हार्ड डिस्कमध्ये आहेत हे विचारले तर दुकानात शोधाशोध सुरू होते.

दुसरे उदाहरण घरचे आहे. सुधारक ओलवे यांचा जन्म अकोल्याचा. १९८८ पासून ते मुंबईत वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढत आले. वृत्तपत्राच्या फोटोग्राफरला रोज वेगळे काम असते, सकाळी सभा, दुपारी अपघात, रात्री सिनेमाचा कार्यक्रम. असे हजारो फोटो छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. ओलवे यांचे नाव झाले ते मुंबईच्या सफाई कामगारांवर त्यांनी चिकाटीने केलेल्या कामामुळे. गटारात उतरणारी माणसे, त्यांची घरे, त्यांची मुले. हे काम नॅशनल जिओग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ स्पर्धेत निवडले गेले, अमेरिकेत दाखवले गेले, आणि २०१६ मध्ये ओलवे यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला पद्मश्री नको, ऑर्डर हवी, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण एकाच विषयावरचे सलग काम पाहणाऱ्याच्या लक्षात राहते, ही गोष्ट दाल मिलच्या मालकालाही लागू आहे.

नमुने आणायचे कोठून

ऑर्डर मिळत नाही म्हणून नमुना नाही, आणि नमुना नाही म्हणून ऑर्डर नाही. या फेऱ्यातून बाहेर पडायला आधी स्वतःच्या खर्चाने काम करावे लागते. ओळखीच्या एका कापड दुकानदाराकडे, एका सुताराकडे, एका भांडेवाल्याकडे जा आणि प्रत्येकाच्या पाच वस्तूंचे फोटो काढून द्या. एकदाच. “फुकटात करतो” असे सांगत गावभर फिरलात तर नंतर कोणी पैसे देणार नाही.

कापडाचे काम सर्वांत जास्त आहे म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. उत्तरेकडे उघडणारा दरवाजा किंवा खिडकी शोधा. तेथे ऊन थेट येत नाही आणि प्रकाश दिवसभर बराचसा सारखा राहतो. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उभा करा, म्हणजे सावली हलकी होते. दुकानातील ट्यूब आणि एलईडी बंद करा. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकत्र आला की रंग बिघडतो आणि तो नंतर कॉम्प्युटरवर पूर्णपणे सुधारत नाही. पहिला फोटो राखाडी कार्डाचा काढा आणि त्यावरून व्हाईट बॅलन्स ठरवा. स्क्रीनवर रंग तपासताना मूळ कापड हातात हवे, आठवणीवर जाऊ नका.

पांढरा कुर्ता आणि काळा अबाया, ही आपल्या बाजारातील दोन नेहमीची कापडे कॅमेऱ्याला फसवतात. कॅमेरा दोघांनाही राखाडी करायला पाहतो. पांढऱ्यासाठी एक्सपोजर सुमारे एक स्टॉप वाढवावे लागते, काळ्यासाठी तेवढेच कमी करावे लागते. काळ्यावर काळे भरतकाम असेल तर प्रकाश समोरून नको, बाजूने आणि खालच्या कोनातून घ्या, टाका उठून दिसतो. जरीलाही हेच लागू. चमकणाऱ्या पॉलिस्टरसाठी खिडकीवर पांढरी मलमल ताणा. प्रत्येक कापडाचे चार फोटो ठेवा: पूर्ण घडी उलगडलेले, काठ किंवा गळा, विणीचा अगदी जवळून, आणि अंगावर किंवा पुतळ्यावर घातलेले. व्यापारी तिसऱ्या फोटोवर थांबतो, कारण त्याला सूत पाहायचे असते.

फर्निचरचा फोटो जवळ जाऊन रुंद लेन्सने काढू नका, पाय फाकलेले दिसतात. मागे सरका, ५० मिमी किंवा त्याहून लांब लेन्स लावा, कॅमेरा दिवाणाच्या मध्याच्या उंचीवर तिपाईवर ठेवा. स्टीलच्या भांड्यात फोटोग्राफर स्वतःच दिसतो, म्हणून भांड्याभोवती पांढऱ्या कागदाचा तंबू करावा. शेताचे काम वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका.

ज्यांना माणसांच्या फोटोविषयी मनात संकोच आहे, त्यांच्यासाठीही वस्तूंचे हे काम मोकळे आहे.

फोटो कोणाचा?

येथे एक गोष्ट बहुतेक फोटोग्राफरांच्या लक्षात येत नाही. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन आपल्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार पैसे देणारा असतो. कॅमेरा तुमचा, मेहनत तुमची, पण लग्नाचा फोटो कायद्याने गिऱ्हाईकाचा. तो शोकेसमध्ये लावायचा किंवा इन्स्टाग्रामवर टाकायचा तर परवानगी हवी. यावर उपाय सोपा आहे. ऑर्डरच्या पावतीवर एक ओळ छापून घ्या: “यांपैकी निवडक छायाचित्रे कामाचा नमुना म्हणून दाखविण्यास संमती आहे / नाही.” गिऱ्हाईकाने एकावर खूण करून सही करावी. ‘नाही’ असेल तर विषय संपला, दुसऱ्यांदा विचारू नका.

निकाहाच्या कामात तर हा प्रश्न कायद्यापलीकडचा आहे. घरच्या बायका विश्वासाने कॅमेऱ्यासमोर येतात. त्यांच्यापैकी एकीचा फोटो दुकानाच्या काचेत दिसला, तर ते घर तुटते आणि त्या घराच्या ओळखीची दहा घरेही तुटतात. तरीही निकाहाचा पोर्टफोलिओ चेहऱ्यांशिवाय उत्तम होऊ शकतो. मेहंदीचे हात, निकाहनाम्यावर सही करणारी बोटे, खजुरांचे ताट, दस्तरखानाची लांबच लांब रांग, शेरवानीचे बटण, विदाईच्या वेळी बापाची पाठमोरी आकृती. असा अल्बम पाहून परदानशीन घरातील गिऱ्हाईक अधिक निश्चिंत होते, कारण आपले फोटोही असेच जपले जातील हे त्याला न सांगता कळते. महिला फोटोग्राफर बरोबर असेल तर ते वहीच्या पहिल्याच पानावर लिहा.

किती, आणि कोणत्या रूपात

एका वहीत वीस फोटो पुष्कळ झाले. पंचवीसच्या वर जाऊ नका. निवड करताना त्रास होतो, प्रत्येक फोटोमागे आपली मेहनत आठवते, ‘हा काढायला झाडावर चढलो होतो’ वगैरे. पाहणाऱ्याला झाड माहीत नसते. म्हणून निवडीला बाहेरचा माणूस बसवा, तोही शक्यतो कापड किंवा लाकूड ओळखणारा. त्याने ज्या फोटोवर पान पटकन उलटले तो काढून टाका. सर्वांत चांगला फोटो पहिला ठेवा, दुसऱ्या क्रमांकाचा शेवटी.

आजही छापील वहीला पर्याय नाही. व्यापारी गल्ल्यावर बसून, दोन गिऱ्हाईकांच्या मधल्या वेळात पाहतो, मोबाईलचा पडदा उन्हात दिसत नाही. आठ बाय बारा इंचांचा प्रिंट ३०० डीपीआयने काढायला २४०० बाय ३६०० पिक्सेल, म्हणजे नऊ मेगापिक्सेलच्या आतला फोटो पुरतो. बारा बाय अठराला सुमारे साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. मॅट कागद घ्या, त्यावर बोटांचे ठसे कमी दिसतात. व्हॉट्सअॅपवर फोटो साधे पाठवले तर ते लहान होऊन जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाईलच्या दोन प्रती ठेवा, एक दुकानात आणि एक घरी. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर चोर दोन्ही नेतो.

हे सगळे करायला वेळ कोठून काढायचा? मोहरमात आपल्याकडची बहुतेक लग्ने थांबतात, पावसाळ्यात इतरांची. त्या दिवसांत कॅमेरा पेटीत असतो. व्यापाऱ्याचे वेळापत्रक मात्र वेगळे आहे हे लक्षात ठेवा. रमजान-ईदचा माल दुकानात रजब-शाबानमध्ये उतरतो आणि फोटो तेव्हाच लागतात. रमजान सुरू झाल्यावर वही घेऊन गेलात तर सेठ मान वर करून पाहणारही नाही. गठ्ठे सुटत असताना सकाळी दहाच्या सुमारास जा, वही गल्ल्यावर ठेवा, बोलणे कमी करा. तो ज्या पानावर थांबेल त्या पानाचा क्रमांक डायरीत लिहून घ्या.