पाय मुरगळला की मोडला?

एपीएमसी मार्केटात दिवसभर गोणी वाहणारी आणि भीमजयंतीच्या सामन्यांत कबड्डी खेळणारी पोरे आपल्याच घरची. पाय वळला की आम्हीही "मुरगळला असेल" म्हणत तेल चोळतो. पण करंगळीमागचे लांब हाड बुडाशी मोडलेले असू शकते. १९०२ साली डॉ. रॉबर्ट जोन्स यांनी हा अस्थिभंग जगापुढे मांडला. नाचताना त्यांचाच पाय असा मोडला होता! तिथे रक्तपुरवठा कमी. प्लास्टर घालूनही कधी कधी हाड जुळत नाही. म्हणून खेळाडूंच्या हाडात बहुधा लहानशा छेदातून स्क्रू बसवतात. पुढे काही आठवडे ना गोणी, ना चढाई. रोजी बुडते, हे आम्ही जाणतो. तरी पावलाची बाहेरची कड दाबल्यावर दुखत असेल, तर माउल्यांनो, तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि आधी एक्स-रे काढून घ्या.