कोयता, चुंबक आणि गंज

‘चुंबक चिकटतोय, म्हणजे स्टील नकली.’ वसई-विरारमध्ये कोयत्याचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी बोलतंच. लोहाराकडून आपल्या मापाचा कोयता नाहीतर रानात न्यायची सुरी घडवून घ्यायची, घरी आल्यावर फ्रिजवरचा चुंबक काढून लावायचा आणि तो चिकटला की कारागिराला खोटं ठरवायचं. पहिला पाऊस पडला की दुसरी तक्रार येते: गंज चढला, म्हणजे माल हलका. हे दोन्ही आरोप चुकीचे आहेत, आणि त्यांचा फटका नेमका प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसालाच बसतो. त्याचा मला राग येतो.

चुंबकाची ही परीक्षा आली भांड्यांच्या दुकानातून. ताटवाट्यांचं चांगलं स्टील ३०४ या क्रमांकाने ओळखतात. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि कार्बन जास्तीत जास्त ०.०८ टक्के. निकेलमुळे त्याची आतली रचना अशी होते की चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. (भांड्यांसाठीही ही परीक्षा अपुरीच आहे. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या २०० मालिकेच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही.) पण ताटाला धार लावायची नसते. धार टिकायला कडकपणा लागतो, कडकपणाला कार्बन लागतो, आणि ३०४ स्टील कितीही तापवून विझवलं तरी कडक होत नाही. तापवून-विझवून कडक होणारं जे पोलाद सुरी-कोयत्याला वापरतात, ते गंजणारं असो वा न गंजणारं, त्याला चुंबक चिकटतो. तेव्हा कुणी चुंबक न चिकटणारा कोयता हातात दिला, तर तोच परत करावा.

आता गंज. पोलाद गंजू नये म्हणून त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं. सुऱ्यांच्या स्टीलमध्ये ते सहसा १२-१३ टक्के किंवा त्याहून जास्त असतं. हे स्टील वाईट मुळीच नाही. मात्र त्याला नीट पाणी द्यायचं तर सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याच्याही वर तापवून काही मिनिटं ते तापमान तसंच धरून ठेवावं लागतं. त्यासाठी तापमान नेमकं राखणारी विजेची किंवा गॅसची भट्टी हवी. कोळशाच्या भट्टीसमोर बसून, पात्याच्या रंगावरून तापमान ओळखणाऱ्या लोहाराकडे जाऊन ‘मला स्टीलचाच पाहिजे’ असा हट्ट धरला, तर तो काय करणार? भांड्याच्या जातीची जाड पट्टी कापून, घासून, चकचकीत करून देणार. तो कोयता केळीची चार लोंगरं उतरवली की बोथट होतो, आणि आपण पुन्हा लोहारालाच नावं ठेवतो. मागणीच चुकीची होती, हे कुणी कबूल करत नाही.

त्याच लोहाराला ट्रकच्या कमानीचा पाटा देऊन बघा. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का असतो, जोडीला सिलिकॉन किंवा थोडं क्रोमियम. हे पोलाद ८५० अंशांच्या आसपास कडक करता येतं, आणि तिथवर कोळशाची भट्टी आरामात पोचते. चुंबकाचा खरा उपयोग आहे तो इथे, भट्टीपाशी. ७७० अंशांच्या सुमाराला तापलेलं लोखंड चुंबकाला दाद देईनासं होतं. लाल झालेल्या पात्याला चुंबक लावून बघायचा, तो चिकटेनासा झाला की आणखी थोडं तापवायचं आणि पातं तेलात बुडवायचं. आता ते इतकं कडक असतं की नवी कानस त्यावरून नुसती घसरते. पण या अवस्थेत ते काचेसारखं ठिसूळही असतं. म्हणून पात्याची एक बाजू घासून पांढरी करतात आणि पातं पुन्हा मंद आंचेवर धरतात. पांढऱ्या पट्ट्यावर रंग चढत जातात: २२०-२३० अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, ३०० च्या आसपास निळा. बारीक कापायच्या सुरीसाठी पिवळ्यावर थांबायचं. घाव घालायच्या कोयत्याला जांभळ्या-निळ्यापर्यंत नेतात. ही दुसरी तापवणी ज्याने गाळली, त्याचा कोयता सुक्या खोडावर पडला की धारेचा तुकडा उडतो. ऑर्डर देताना विचारायचा प्रश्न हाच: ‘पाणी दिल्यावर परत तापवता ना?’

वाडीत काम करणाऱ्यांना आणखी एक डाग माहीत असतो. केळीचा चीक लागला की कार्बन पोलादाचं पातं काळं पडतं. चिकातल्या टॅनिनची लोखंडाशी प्रक्रिया होऊन तो काळा थर बसतो. पातं खाणारा लाल गंज वेगळा. काळ्या थराला घासत बसू नये. लाल गंज मात्र अर्नाळ्यासारख्या खाऱ्या हवेत एका रात्रीतही दिसतो, आणि मिठाने न गंजणाऱ्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. उपाय साधा आहे: काम झालं की पातं धुवायचं, कोरडं करायचं, खोबरेलाचा हात फिरवायचा. चामड्याच्या म्यानात घालून पावसाळाभर ठेवायचं नाही, चामडं ओल धरून ठेवतं.

बाकीचे गैरसमज चटकन उरकतो. ‘गाडीचा पाटा म्हणजे भंगार’: नेपाळी खुकरी याच पाट्यांतून घडते, आणि जगभरचे कारागीर मोठ्या पात्यांसाठी ५१६० हे कमानीचंच पोलाद मुद्दाम निवडतात; मात्र झिजलेल्या पाट्यात न दिसणारी चीर असू शकते, म्हणून नवा पाटा मागावा. ‘जाड तेवढा मजबूत’: जाड पातं केळीच्या खोडात फसतं आणि मनगट दुखवतं. ‘दमास्कस म्हणजे सर्वोत्तम’: आज त्या नावाने विकतात ती दोन पोलादांच्या घड्या घालून काढलेली नक्षी, दक्षिण भारतातून जगभर गेलेलं जुनं वूट्झ पोलाद मुशीत वितळवून बनायचं, त्याचा या घड्यांशी संबंध नाही. ‘पात्यावरची खाच रक्त वाहण्यासाठी’: ती वजन कमी करण्यासाठी असते.

कायद्याबाबत मात्र घाई नको, कारण इथला गैरसमज अंगाशी येतो. ‘नऊ इंचांच्या आत असलं की पोलीस काही करू शकत नाहीत’ असं छातीठोक सांगितलं जातं. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामांसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणून वाडीतला रुंद कोयता गुन्हा ठरत नाही. खंजीर मात्र त्याच यादीत नावानिशी आहे. दुधारी खंजीर घडवून त्याला शेतीचं अवजार म्हटल्याने सुटका होत नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर सुरी बाळगून फिरण्यावर बंदी घालता येते, आणि त्या कलमात इंचांचा हिशेब नाही. २०२० पासून वसई-विरार मीरा-भाईंदरसोबत स्वतंत्र पोलीस आयुक्तालयात आहे. सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात कोयता घेऊन जायचा असेल, तर असा आदेश निघालाय का ते आधी बघावं. कोयता पिशवीत गुंडाळून थेट वाडीत न्यावा, कमरेला लावून बाजारात हिंडू नये.

आणि हौसेने घडवलेली सुरी घेऊन तुंगारेश्वरला निघालेल्यांसाठी: ते अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय कोणतंही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरी स्पष्ट शब्दांत आहे, मग ती चार इंचांची का असेना. तिकडे जाताना ती घरीच ठेवावी.