लावणीकार दासगणू : गोरट्याच्या कीर्तनकाराचें पूर्वचरित्र

दासगणू हें नांव नांदेड-लातूरकडे उच्चारिलें कीं कीर्तन आणि पोथी हीं दोनच आठवतात. नांदेड जिल्ह्याच्या उमरी तालुक्यांत गोरटे येथें त्यांची समाधि आहे. तथापि हा कवि प्रथम तमाशाचा पदकार होता, ही गोष्ट चरित्रकथनांत बहुधा एका वाक्यांत उरकिली जाते. पूर्वायुष्यांतील डाग म्हणून ती झांकणें आम्हांस उचित वाटत नाहीं. उलट त्यांच्या पुढील रचनेचें बीज तेथेंच आहे, असें आमचें मत आहे. तें येथें संक्षेपानें मांडतों.

दासगणूंचें व्यावहारिक नांव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म नगर जिल्ह्यांतील अकोळनेर येथें, इ. स. १८६८ च्या जानेवारींत. शिक्षण बेताचें झालें व ते पोलीस शिपाई झाले. नोकरींत असतां श्रीगोंद्याकडे तमाशाचा नाद लागला व फडासाठीं ते लावण्या रचूं लागले. लावणी म्हणजे केवळ शृंगार, असा समज पुष्कळांचा असतो; परंतु रचनेच्या दृष्टीनें पाहतां ती कडक शाळाच होय. ढोलकीच्या ठेक्यांत अक्षर बसलें पाहिजे, कडव्याचें यमक पालुपदास मिळालें पाहिजे, सवाल आला कीं जबाब तेथल्या तेथें जुळला पाहिजे, आणि निरक्षर श्रोत्यास अर्थ एकदांच ऐकून कळला पाहिजे. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांत गाणारे सोलापूरचे राम जोशीही आधीं तमाशांतच गाजले होते, हें येथें स्मरावें.

पुढें इस्लामपूरकर वामनशास्त्री यांचा अनुग्रह व नानासाहेब चांदोरकरांच्या संगतीनें घडलेलें शिर्डीचें दर्शन, यांनीं त्यांच्या वाणीस निराळें वळण लागलें. नोकरी सुटली, कीर्तन हेंच जीवितकार्य झालें. हेमाडपंतांच्या साईचरितांत वर्णन आहे कीं, आरंभीं ते अंगरखा, उपरणें, फेटा असा थाट करून निघाले असतां साईबाबांनीं तो उतरवावयास लाविला. तेव्हांपासून उघडें अंग, हातीं चिपळ्या व गळ्यांत हार, एवढाच त्यांचा वेष राहिला.

त्याच ग्रंथांतील दुसरी कथा आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. ईशावास्योपनिषदाचें मराठी करीत असतां दासगणूंस अर्थाचा उलगडा होईना. तो झाला पार्ल्यास, काकासाहेब दीक्षितांच्या घरीं, एका मोलकरीण मुलीच्या गाण्यानें. फाटकें नेसलेली ती पोर परक्याच्या नारिंगी साडीचें कौतुक गात होती. पुढें तिला नवी साडी मिळाली, तरी दुसरे दिवशीं ती जुनेंच नेसून तितक्याच आनंदानें आली. त्यागांतील भोगाचा अर्थ त्यांस तेथें कळला. आम्ही भाष्यें वाचलेलीं माणसें. तरी आम्हांस कबूल केलें पाहिजे कीं, गाण्याला कान देण्याची संवय ज्यास आहे, त्यासच असा गुरु भेटतो.

नांदेड त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिलें. राज्यकारभाराची भाषा उर्दू, वरच्या वर्गांचें शिक्षणही उर्दूंत. अशा प्रांतीं खेड्यांतील माणसास सकस मराठी ऐकावयास मिळे ती मुख्यत्वें कीर्तनांत. दासगणूंचा प्रभाव एका समाजापुरता नव्हता. नांदेडचे पारशी कंत्राटदार रतनजी शापूरजी वाडिया यांनीं त्यांच्याच सल्ल्यावरून शिर्डीची वाट धरिली.

१९१८ मध्यें नर्मदातीरीं महेश्वर येथें स्तवनमंजरी झाली. १९३९ मध्यें एकवीस अध्यायांचा ‘गजानन विजय’ शेगांवीं पुरा झाला. या ओव्या मोठ्यानें वाचून पाहाव्या : यमक सहज, वाक्य लहान, अर्थ पहिल्याच श्रवणांत उमगणारा. हे गुण पंडिती काव्याचे नव्हेत, फडाचे आहेत. १९६२ च्या नोव्हेंबरांत पंढरपुरीं दासगणू निवर्तले.

ओव्या छापल्या गेल्या, त्या टिकतील. लावणीचें तसें नसतें. ती गाणाऱ्याच्या कंठीं किंवा जुन्या वहींत राहते, आणि दोन्ही नाशवंत. सबब ज्यांच्या घरीं तत्कालीन फडांचीं बाडें असतील त्यांनीं तीं संकोचानें दडवूं नयेत, संशोधकांस दाखवावींत, एवढी आमची विनंति आहे.