मोटारीचें तेल

ज्या श्रोत्यांच्या दारीं नवी मोटार आली असेल, त्यांची नजर साहजिकच तिच्या रंगावर असते. तिचें आयुष्य मात्र इंजिनाच्या तळाशीं असलेल्या तीन-चार लिटर तेलावर अवलंबून असतें. ज्वलनाची काजळी हें तेल आपल्या अंगावर घेतें, म्हणूनच तें काळें पडतें. केवळ काळेपणावरून तें बाद ठरवूं नये.

मोटार फार फिरलीच नाहीं, तर तेल कशाला बदलावें, असें पुष्कळांस वाटतें. खरी गोम येथेंच आहे. नाशिकच्या थंडींत गंगापूर रोडवरून रविवार कारंजापर्यंत जाऊन परतणाऱ्या मोटारीचें तेल पुरतें तापतच नाहीं. ज्वलनांतून आलेलें पाणी व न जळलेलें पेट्रोल त्यांत सांचतें आणि कालांतरानें गाळ धरतो. मुंबईहून कसारा घाट चढून येणाऱ्या मोटारीस श्रम अधिक. पण तिच्या तेलांतील ओल उडून जाते. यास्तव पुस्तिकेंत किलोमीटर व महिने अशा दोन मर्यादा असतात. जी आधीं भरेल ती मानावी. तेलाबरोबर त्याची गाळणीहि बदलावी.

सपाट जागीं, इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटांनीं डिपस्टिक पुसून पुन्हां बुडवावी. तेल दोन खुणांमध्यें असावें. अधिक भरलेलें तेल घुसळून फेसाळतें, तेंहि घातकच. वाटेंत तेलदाणीच्या चित्राचा तांबडा दिवा लागल्यास, गॅरेज कितीहि जवळ असो, मोटार कडेस घेऊन इंजिन तत्काळ थांबवावें. तेलाचा दाब गेलेलें इंजिन कांहीं मिनिटांतच जाम होऊं शकतें, आणि मग दुरुस्तीचा खर्च ऐकून मालकासच घाम फुटतो.

काढलेलें तेल मात्र गोदावरीस मिळणाऱ्या नाल्यांत ओतूं नये. तें गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावें.