माहिती चौकट : दुसऱ्या डावाच्या नायिका

रोज लोकल पकडणाऱ्या बाईच्या ओळखीची नायिका मराठीत जुनीच आहे. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक आलं, ते शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनातलं सांगणारं. मालती बेडेकरांनी त्यासाठी 'विभावरी शिरूरकर' हे टोपणनाव घेतलं, आणि ही लेखिका कोण यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला.

आता नायिकेचं वय वाढलंय, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'आई कुठे काय करते' या मालिकेतली अरुंधती (मधुराणी प्रभुलकर) पंचवीस वर्षांचा संसार मोडल्यावर गाण्याकडे वळते, जुना मित्र आशुतोषशी लग्न करते. मूळ कथा बंगाली 'श्रीमयी'ची. हिंदीत तीच 'अनुपमा'. २०१९च्याच 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये सुनेनं सासूच्या, म्हणजे आसावरीच्या (निवेदिता सराफ), लग्नासाठी कंबर कसली.

प्रेम या कथांना छान जमतं. काम मिळवण्याची पायपीट मात्र त्या घाईत उरकतात, आणि मला नेमकी तीच वाचायची असते : बायोडेटातली दहा वर्षांची मोकळी जागा, निम्म्या वयाचा साहेब, पहिल्या पगाराचा मेसेज.