पाखरू किती मोठं, छर्रे किती हवेत?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 15 सप्टेंबरला रफ्ड ग्राउज या रानपाखराच्या शिकारीचा हंगाम उघडतो. थोड्याच दिवसांत उत्तरेकडच्या जंगलातली पानं रंगायला लागतात. डेट्रॉइट परिसरातली मराठी कुटुंबं ती पाहायला निघतात, तेव्हा रस्त्याकडेला नारिंगी जाकिटातले शिकारी आणि गळ्यात घंटा बांधलेले सेटर कुत्रे दिसतात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार जवळपास संपली. आपल्याकडे छर्ऱ्याची बंदूक म्हणजे शेतराखणीची 12 बोर, एवढीच ओळख उरली. तिथले शिकारी मात्र 20 की 28 बोर यावर तासन्‌तास बोलतात. त्या वादात एक साधी गोष्ट हरवते, असं मला वाटतं.

आधी बोरचा हिशेब. एक पौंड शिशाचे 12 सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती 12 बोर. 20 गोळे केले की प्रत्येक गोळा लहान होतो, म्हणून 20 बोरची नळी अरुंद. 12 बोरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर, 20 ची साडेपंधराच्या जरा वर आणि 28 ची 14 मिलिमीटर. फक्त ‘चारशेदहा’ या हिशेबात बसत नाही. तो आकडा नळीच्या व्यासाचा आहे, 0.410 इंच.

आता हरवणारी गोष्ट. (छर्ऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक.) 28 बोरमधून सुटलेला साडेसात नंबरचा छर्रा 12 बोरमधल्या त्याच छर्ऱ्यापेक्षा दुबळा नसतो. आकार तोच, वजन तेच, आणि सुटतानाचा वेगही बहुतेक काडतुसांत सेकंदाला 1,200 फुटांच्या आसपास. फरक पडतो तो छर्ऱ्यांच्या संख्येत. म्हणून मी आधी पाखरू पाहीन, मग ते किती लांबून उठतं ते, मग छर्रा, आणि बोर सगळ्यात शेवटी ठरवीन.

वुडकॉक घ्या. वजन जेमतेम दोनशे ग्रॅम, लांब चोचीनं ओल्या मातीतली गांडुळं उपसणारा. आल्डरच्या दाट झुडपात कुत्रा ताठ उभा राहतो, पाखरू पायाखालून उठल्यासारखं वर येतं आणि बार बहुधा वीस यार्डांच्या आतच टाकावा लागतो. इथे 28 बोरचं पाऊण औंसाचं, म्हणजे 21 ग्रॅमचं काडतूस पुरेसं आहे. आठ नंबरचे सुमारे 300 छर्रे त्यात मावतात. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाची आवळण, मोकळीच ठेवावी. दक्षिणेकडच्या बॉबव्हाइट लाव्यालाही हाच हिशेब लागू पडतो.

ग्राउज अंगानं मोठा, अर्धा किलो किंवा त्याहून जास्त. पंखांचा गडगडाट करत उठतो आणि क्षणात झाडाआड जातो. त्याला मी 20 बोर आणि साडेसात नंबरचे सात अष्टमांश औंस छर्रे पसंत करीन. दिवसभर काट्याकुट्यांतून बंदूक दोन्ही हातांत धरून चालायचं असतं, तिथे सहा पौंडांची बंदूक आणि साडेसात पौंडांची बंदूक यांतला फरक दुपारनंतर खांद्याला कळतो. पण हलकेपणाचाही अतिरेक नको. इंग्लंडचे बंदूकनिर्माते डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचा जुना ठोकताळा असा, की बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या 96 पट असावं. एक औंस छर्ऱ्यांना सहा पौंडांची बंदूक. त्याहून हलकी घेतली की धक्का जाणवतो. शिवाय फार हलकी नळी उडत्या पाखरामागे फिरवताना मध्येच थबकते, आणि बार मागे पडतो.

मोठं पाखरू लांबून उठू लागलं, की 28 बोर तोकडी पडते. साऊथ डकोटाच्या मोकळ्या शेतांतला किलोभर वजनाचा फेझंट नर पस्तीस-चाळीस यार्डांवर असला, तर सहा नंबरचा जड छर्रा हवा. पाऊण औंसात असे छर्रे जेमतेम 170 येतात, तर 12 बोरच्या सव्वा औंसात 280. नेवाडाच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर आपला चकोर सापडतो. भारतीय उपखंडातूनच नेऊन तिथे वसवलेला हा पक्षी बऱ्याचदा लांबूनच उठतो. त्याच्या मागे चढण चढायची म्हणून बंदूक हलकी हवी, पण छर्ऱ्यांत कंजुषी नको. तिथे एक औंसाचं 20 किंवा 16 बोर मला योग्य वाटतं.

चारशेदहा मुलांच्या हाती देण्याची रीत मला अजिबात पटत नाही. धक्का कमी असतो हे खरं, पण अर्ध्या औंसात आठ नंबरचे छर्रे दोनशेच. नवख्याचा नेम थोडा चुकला तर एखाद-दुसराच छर्रा लागतो, आणि पाखरू जखमी होऊन झुडपात तडफडत मरतं. नवशिक्याला 20 बोर आणि सौम्य भरणीचं काडतूस द्यावं.

आणि हे सगळं कागदावर पडताळून पाहावं. मोठा कागद ताणून लावायचा, ज्या अंतरावर पाखरू मारणार त्याच अंतरावरून बार टाकायचा, छिद्रं सर्वांत दाट असतील तिथे 30 इंच व्यासाचं वर्तुळ आखायचं आणि छिद्रं मोजायची. मधे तळहाताएवढी मोकळी जागा दिसली, तर तिथून वुडकॉक सुखरूप निसटला असता. चोक बदलून पुन्हा पाहावं. एका कागदावर भरवसा ठेवू नये, दर बाराला नक्षी वेगळी पडते.

वरचे आकडे शिशाच्या छर्ऱ्यांचे आहेत, पण शिशाबाबत नियम कडक होत आहेत. कॅलिफोर्नियात 2019 पासून शिकारीला शिशाचे छर्रे चालतच नाहीत. पोलाद शिशापेक्षा बरंच हलकं, त्यामुळे छर्रा दोन आकारांनी मोठा घ्यावा लागतो आणि लहान काडतुसात ते आणखी कमी मावतात. बिस्मथ पोलादापेक्षा जड, पण महाग.

घरात 12 आणि 20 अशा दोन्ही बंदुका असतील तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाळावी. 20 बोरचं काडतूस चुकून 12 च्या नळीत गेलं, तर ते पुढे सरकून अडकतं. मागची जागा रिकामी दिसते, बार झालाच नाही म्हणून माणूस 12 चं काडतूस भरतो, आणि चाप ओढताच नळी हाताजवळ फुटते. म्हणून तर 20 बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. तरीही शिकारीला निघताना जाकिटाचे सगळे खिसे उलटे करून झटकावेत, आणि त्या दिवशी एकाच बोरची काडतुसं बरोबर घ्यावीत.