कोंबडी खुडूक झाली? दोन दिवसांत ठरवा: बसवायची की उठवायची

सकाळी खुराडं उघडलं की सगळ्या कोंबड्या बाहेर पळतात, एक मात्र जागची हलत नाही. हात घातला की पिसं फुलवते, चोच मारते, कुडकुड आवाज करते. घरातलं कुणीतरी म्हणतं, "खुडूक झाली बघ." आणि मग बहुतेक घरांत पुढं काहीच होत नाही. नुकसान इथंच सुरू होतं.

ती रिकाम्या पाटीत बसून राहते. दिवसातून एकदा उठते, चार दाणे खाते, परत बसते. वजन उतरतं. बाकीच्या कोंबड्या तिच्याच पाटीत अंडी घालतात, ती अंडी अर्धवट उबतात आणि फोडल्यावर आत रक्त निघतं. ना अंडी मिळतात, ना पिल्लं. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच एक काय ते ठरवायचं.

आधी बघा, खुडूक आहे की आजारी

खुडूक कोंबडी रात्रीसुद्धा दांडीवर न जाता पाटीतच बसते. पोटाखालची पिसं झडलेली दिसतात, तुरा थोडा फिका पडतो, पण डोळे तरतरीत असतात आणि ती अंगावर येते. आजारी कोंबडी पंख पाडून, डोळे मिटून बसते, हिरवी किंवा पांढरी हगवण करते, हात लावला तरी विरोध करत नाही. तशी असेल तर तिला लगेच वेगळी करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

खुडूक होणं हा आजार नाही. कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी बंद होतात आणि उबवायची ओढ लागते. गावठी कोंबडी साधारण १२ ते १५ अंडी घालून खुडूक होते. जास्त अंडी देणाऱ्या सुधारित जातींत ही सवय खूप कमी झालेली आहे.

हिशेब काय सांगतो

बसवली तर २१ दिवस उबवणीचे आणि पुढं पिल्लांमागं फिरण्यात दोन महिने, म्हणजे जवळपास ८० दिवस अंडी बंद. वेळेत उठवली तर दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते. त्या ८० दिवसांत २० अंडी धरा. अंडं १० रुपयाला धरलं तर २०० रुपये. खाली ठेवलेली १० अंडी म्हणजे आणखी १०० रुपये. म्हणजे बसवायचा खर्च झाला ३०० रुपये.

१० अंड्यांतून ५-६ पिल्लं मोठी झाली तर हे पैसे कितीतरी पटीनं वसूल होतात. पण मांजर, घार आणि मानमोडीतून एकच पिल्लू उरलं तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून प्रश्न किती पिल्लं निघतील हा नाही, किती जगवता येतील हा आहे.

दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत बसवायला चांगला काळ. उन्हाळ्यात शक्यतो उठवा. मी एकदा चैत्रात पत्र्याखाली १३ अंड्यांवर बसवली होती, पिल्लं निघाली दोन. अंडी आधी दहा दिवस त्याच पत्र्याखाली साठवलेली होती. उन्हाळ्याच्या उष्णतेत कोंबडी न बसताच अंड्यात वाढ सुरू होते आणि मधेच मरते, हे मला नंतर कळलं.

बसवायची असेल तर

• अंडी घरचीच घ्या, आणि कळपात कोंबडा असला पाहिजे. ८-१० कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो. दुकानातली पांढरी अंडी ठेवू नका. त्या फार्मवर कोंबडा नसतो, त्यामुळं त्यातून पिल्लू निघतच नाही.

• अंडी गार जागी ठेवलेली, थंडीत ७ दिवसांच्या आतली आणि उन्हाळ्यात ३-४ दिवसांच्या आतली असावीत. मळकी असली तरी धुवू नका. तडकलेली, फार लहान किंवा फार मोठी बाजूला काढा.

• कोंबडीच्या अंगाखाली झाकतील तेवढीच ठेवा, १० ते १२. जास्त ठेवली की कडेची गार पडतात आणि फिरवाफिरवीत सगळीच खराब होतात.

• पाटीत खाली थोडी माती, वर वाळलेलं गवत. बसवायच्या आधी पाटी कडक उन्हात तापवा आणि कोंबडीच्या पंखाखाली उवा-पिसवा बघा. पिसवा असतील तर कोंबडी अंडी सोडून उठते.

• जागा बदलायची असेल तर अंधार पडल्यावर बदला. रात्री ती शांत असते. सगळी अंडी एकाच वेळी ठेवा आणि त्यांवर पेन्सिलीनं खूण करा. बिनखुणेचं अंडं दिसलं की ते दुसरीनं घातलेलं, रोज काढून घ्या.

• ज्वारी-मका आणि पाणी जवळच ठेवा. रोज १५-२० मिनिटं तिला उठू द्या. उठली नाही तर हळूच उचलून बाहेर ठेवा, नाहीतर पाटीतच घाण करते.

सातव्या दिवशी मोबाईलची बॅटरी

रात्री पुठ्ठ्याला लहान भोक पाडा, त्याखाली मोबाईलची टॉर्च लावा आणि अंड्याची जाड बाजू भोकावर धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं चालू आहे. नुसतं स्वच्छ पिवळसर दिसलं तर ते वांझ. रक्ताची गोल कडी दिसली तर आतलं मेलेलं. अशी अंडी काढून टाका, नाहीतर सडून फुटतात. १८ व्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका. २१ व्या दिवशी कवच फोडून पिल्लू ओढून काढू नका, रक्तस्राव होऊन ते मरतं.

उठवायची असेल तर

आपल्याकडं नाकात पीस घालतात, गार पाण्यात बुचकळतात, पाय बांधून उपाशी ठेवतात. नाकात पीस घातल्यानं जखम होते, सूज येते, श्वासाला त्रास होतो. उपाशी ठेवलेली कोंबडी अशक्त होऊन अंड्यावर आणखी उशिरा येते. यातलं काहीच करायची गरज नाही.

मऊ गवतावर बसून पोटाखाली ऊब राहते आणि त्यानं खुडूकपणा टिकतो. ती ऊब काढून घ्यायची. डाळिंबाचं किंवा टोमॅटोचं जाळीचं क्रेट चार विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा लागेल. त्यात कोंबडी ठेवून वरून दुसरं क्रेट पालथं घाला आणि दगड ठेवा. आत गवत, पोतं काही नको. उजेडाची पण सावलीची जागा हवी. दाणापाणी नेहमीचं द्या.

तीन-चार दिवसांनी सोडून बघा. सरळ पाटीकडं पळाली तर आणखी दोन दिवस ठेवा. बाकीच्यांत मिसळून चरायला लागली तर काम झालं. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच क्रेटमध्ये टाकलेली लवकर उठते. आठ-दहा दिवस बसू दिलेली वेळ लावते. आणि रोजची अंडी रोज उचला. साठलेली अंडी बघूनच कोंबडी खुडूक होते.

पिल्लं निघाल्यावर

पहिले तीन-चार आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीत ठेवा. सगळ्यात जास्त मरतूक याच काळात होते. पाण्याचं भांडं उथळ असू द्या. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात एक थेंब. बाटली किमान १०० डोसची येते आणि फोडून कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीवरच्या चार-पाच घरांनी एक दिवस ठरवून दवाखान्यात विचारा आणि बाटली मिळूनच आणा. बर्फातूनच आणा, नाहीतर लस वाया जाते.

बहुतेक घरांत कोंबड्यांचे पैसे आईच्या नाहीतर बायकोच्या हातात असतात. त्यातूनच पोरांच्या वह्या आणि बाजाराचा खर्च निघतो. तेव्हा उद्या पाटीतून कुडकुड ऐकू आली तर "बसू दे" म्हणून पुढं जाऊ नका. अंडी ठेवा, नाहीतर क्रेट काढा.